मागच्या मडगार्डावरचा पांढरा डाग

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. कोणी वाटेत नमस्कार केला, की याचं माझ्याकडे काय काम असावं हा विचार आधी येतो आणि माझा हात मागाहून वर जातो. हा गुण मला वडिलांकडून आला असं बायको म्हणायची, पण ते खरं नाही. वडील टेबलं-खुर्च्यांना लाखेचं पॉलिश करायचे आणि मला शिकवताना म्हणायचे, "डोळे फसवतात, बोटं फसवत नाहीत. लाकडावर हात फिरवून बघ." मी त्यातलं 'फसवतात' एवढंच नीट ऐकलं.

वडिलांच्या मागे तोच धंदा माझ्याकडे आला. पण लढाई संपल्यावर लष्कराचं जुनं सामान लिलावात निघालं, आणि त्यातलं एक मशीन हातोहात फिरत माझ्यापर्यंत पोचलं. दोन हातांनी धरायचं, पुढे गरगर फिरणारी ताटली, तिच्यावर गादी बांधायची, गाडीच्या रंगावर पॉलिश लावायचं आणि वरून ती फिरवायची. त्या वेळी वसईत मोटारी बोटांवर मोजण्याएवढ्या. पण ज्या होत्या त्यांचा रंग खाऱ्या हवेने वर्षा-दोन वर्षांत उतरायचा, काळी गाडी राखेसारखी दिसायला लागायची. हाताने घासून ती चमकवायला आठवडा जाई. मशीनने ते दिवसात होईल असं मला सांगण्यात आलं. अर्थात माझा विश्वास बसला नाही. पहिले तीन महिने मी ते मशीन भंगारातल्या एका मोटारीच्या दारावरच चालवत होतो.

माणिकपुरात स्टेशनच्या वाटेवर माझी पत्र्याची शेड होती. वीज आली होती, पण तिचा भरवसा नव्हता. तसा माझा कशाचाच नव्हता.

त्या दारावर मी जे शिकलो ते असं, की मशीन दुय्यम आहे. खरं काम गादी करते आणि गादीवरचं पॉलिश करतं. गाद्या तीन. नमदा, म्हणजे दाबून बसवलेली जाड लोकर, घोड्याच्या खोगिराखाली घालतात ती. नमदा कापतो. मेलेला रंग खरवडून काढायचा तर नमदा आणि भरड पेस्ट. दुसरी, मेंढीच्या कातड्यासकट असलेली लोकर. ती नमद्याने उठवलेले ओरखडे बसवते, तिला बारीक पेस्ट लागते. आणि शेवटची फ्लॅनेलची पिशवी, तिच्याबरोबर नुसतं मेण. फ्लॅनेल काही काढत नाही, फक्त चमकवतं. थोडक्यात, खाली काय आहे ते बघायचं असेल तर नमदा, आणि जे आहे ते झाकून छान दिसायला हवं असेल तर फ्लॅनेल. हे एवढं सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी भानगड त्यावरच आहे.

हे सामान आणायला मी मुंबईत एका दुकानात जात असे. दुकानदार दोरीत बांधलेल्या गाद्या पुढे टाकी आणि "अस्सल लोकर" म्हणे. मी तिच्यातला एक धागा उपटून काडी लावून जाळत असे. लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो, आणि गोळी होऊन ती विझते. सूत भुरूभुरू जळतं आणि कागदाचा वास येतो. पहिल्या खेपेला दुकानदार धावत आला. दुसऱ्या खेपेला त्याने काड्यापेटी स्वतःहून पुढे केली, तेव्हा तर मला जास्तच संशय आला. पेस्टचा डबा उघडायला लावून मी चिमूटभर पुढच्या दातांत धरत असे. कर्र झालं तर वाळू मिसळलेली, ती रंगावर नख मारल्यासारख्या रेघा पाडणार. नुसती खडूसारखी लागली तर ठीक. मेणाला मी नख लावून बघे आणि हुंगे, कारण स्वस्त मेणात रॉकेल घालतात. एकदा दुकानदार म्हणाला, "साहेब, पॉलिश करणार आहात की जेवणार?" मी आणखी एक चिमूट दातांत धरली आणि मगच डबा घेतला.

गिऱ्हाइकंही माझ्यावर कमी संशय घेत नसत. त्या काळातला गाडीचा रंग असा, की घासताना गादीला लागायचाच. काळी गाडी घासली की गादी काळी, हिरवी घासली की हिरवी. हे बघून केळ्यांच्या एका बागायतदाराने मशीनचं बटण बंद केलं होतं. "माझा रंग तुझ्या गादीवर चाललाय," म्हणाला. मेलेला रंग तेवढा निघतो, खालचा जिवंत रंग वर येतो, असं मी त्याला परोपरीने सांगितलं. काम झाल्यावर गाडी आरशासारखी झाली, तरी जाताना तो ती मळकी गादी कागदात गुंडाळून घेऊन गेला. रंग त्याचा होता ना!

पण गादीला लागणारा हा रंगच मला पुढे उपयोगी वाटायला लागला. गादी खोटं बोलत नाही. गाडी एका रंगाची दिसत असली आणि तिचा एखादा भाग मागाहून रंगवलेला असला, तर तिथे गादीवरचा रंग वेगळा पडतो. जरा निळसर, जरा तपकिरी, कधी रंगाखाली दिलेलं अस्तर उघडं पडून विटकरी. गाडी कुठे आपटली होती, कुठे झाकली होती, हे मी मालकाला सांगू लागलो. विकत घेण्याआधी गाडी मला दाखवायला आणायची पद्धतच पडली. संशयाचं असं कौतुक होताना बघून माझी छाती फुगली.

डॉक्टर माझ्याकडे आले ते यामुळे.

डॉक्टर वयाने मोठे, वसईच्या आसपासच्या सगळ्या गावांत जाणारे, त्यांना सगळे 'साहेब' म्हणत. त्यांची काळी मोटार मी आधी दोनदा पॉलिश केली होती. तिचा ड्रायव्हर माझा मेहुणा, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. दोघं भावंडं खाडीकडच्या भातशेतीच्या गावातली. सासरे गेल्यापासून म्हाताऱ्या आईचं आणि घराचं सगळं त्याच्या एकट्याच्या पगारावर चालत होतं. त्याच्या आधीच्या ड्रायव्हरला डॉक्टरांनी एका दिवसात घरी बसवलं होतं, कारण तो गाडी न विचारता स्वतःच्या कामाला वापरायचा. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

माझं आणि मेहुण्याचं वर्षभर बोलणं नव्हतं. एका नाताळला तो जेवायला आला होता, आणि तो गेल्यावर वडिलांचं खिशातलं घड्याळ सापडेना. मी त्याला चोर म्हटलं नाही. मी एवढंच म्हटलं, "घरात बाहेरचं कोणी आलं की वस्तू जपाव्या लागतात," आणि ते बायकोला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं. तिने ते त्याला सांगितलं की नाही कोण जाणे, पण तो आमच्याकडे यायचा बंद झाला. रविवारी चर्चमध्ये मिस्सेला दिसला तर टोपी काढून मान लववायचा. मला वाटायचं, चोराच्या मनात चांदणं. ते घड्याळ अजूनही सापडलेलं नाही. ते त्याने घेतलं नव्हतं, एवढं मात्र मला आता ठाऊक आहे.

डॉक्टर त्या दिवशी सकाळी स्वतः गाडी चालवत आले. मेहुणा बरोबर नव्हता. मला गाडीच्या मागे नेऊन त्यांनी डाव्या मडगार्डावर बोट ठेवलं. तिथे तळहाताएवढा पांढरट डाग होता, काचेवर वाफ बसावी तसा.

"गाडी धुतली की हा येतो," ते म्हणाले. "बाकी कुठेच येत नाही. इथे कोणीतरी काहीतरी केलं आहे. ते जुनं आहे की नवं, हे मला कळायला हवंय. गाडी माझ्याकडे येण्याआधीचं असेल तर प्रश्न मिटला. त्याच्या वेळचं असेल तर त्याने ते माझ्यापासून लपवलंय, आणि लपवणारा ड्रायव्हर मला नको."

मी म्हटलं, "साहेब, तो माझा मेहुणा आहे."

"म्हणून तर तुझ्याकडे आलो. दुसरा कोणी असता तर मेहुण्याला सांभाळून घेतलं असतं. तू घेणार नाहीस असं ऐकलंय." ते हसले नाहीत. "पाच वाजता येतो."

खरं सांगतो, मला त्या क्षणी वाईट वाटलं नाही. मला अभिमान वाटला. डॉक्टर गेल्यावर मी शिट्टी वाजवत मशीनची वायर सोडली.

आधी लोकर चढवली आणि बॉनेट, टप, दारं घासून घेतली. गादी निळसर काळी पडली. हा गाडीचा मूळ रंग, सगळीकडे सारखा. मग मडगार्डाकडे वळलो. इथे शहाण्या माणसाने फ्लॅनेल आणि मेण घेतलं असतं. डाग लोपला असता, डॉक्टरांना 'पाण्याचा डाग' सांगता आलं असतं, आणि पुढच्या धुण्यापर्यंत तरी सगळे सुखी झाले असते. मी नमदा बांधला आणि भरड पेस्टचा मोठा गोळा घेतला. आधीच्या दोन खेपांना गादीला इथे काही वेगळं लागलं नव्हतं, म्हणजे जे होतं ते नवंच, आणि मला ते खालचं बघायचं होतं. मेहुणा पकडला जाणार, आणि घड्याळाच्या वेळी मी बरोबर होतो हे बायकोला मान्य करावं लागणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मशीन टेकवलं. दोन क्षण नीट फिरलं आणि मग गादी अडखळायला लागली, गुळावर हात पडल्यासारखी चिकटू लागली. गाडीचा रंग असा चिकटत नाही. तो झिजतो, वितळत नाही. मी मशीन उचललं. नमद्यावर काळा रंग नव्हता. तपकिरी, डिंकासारखा चिकट थर होता आणि त्यात काजळी. आणि त्यातून ऊन ऊन वास येत होता.

तो वास कुठला हे कळायला मला क्षणभरही लागला नाही. लहानपणापासून मी त्या वासात झोपलो होतो. लाखेचा चपडा, म्हणजे पातळ पापुद्रे, स्पिरिटमध्ये भिजवून केलेलं पॉलिश, टेबलाला आणि कपाटाला लावतात ते. मशीनच्या घर्षणाने तापून लाख वितळत होती. म्हणून तर धुतल्यावर डाग पांढरा पडत होता. लाखेवर पाणी साचलं की ती पांढरी पडते, टेबलावर ओला पेला ठेवला की गोल उठतो तसाच. हे मला लांबून, न हात लावता ओळखता यायला हवं होतं. पण मी गुन्हेगार शोधत होतो, डागाकडे बघत नव्हतो.

मोटारीच्या रंगावर लाखेची मलमपट्टी करावी, असं कोणाही मोटारवाल्याच्या डोक्यात येणार नाही. ते पॉलिशवाल्याच्या घरातलंच काम. आणि त्या मुलखात पॉलिशवाल्याचं घर एकच होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी घालून आलो होतो. मी स्पिरिटच्या बोळ्याने उरलेली लाख पुसली. खाली तळहाताएवढा खरवडलेला भाग, विटकरी अस्तर आणि पत्र्याला किंचित पोच, आत दबल्याची खूण. नमदा सोडून कागदात गुंडाळला, खिशात घातला आणि सायकलवर टांग मारली.

वाटेत मी काय काय विचार केले ते आता लिहायलाही लाज वाटते. बायको माझं पॉलिश विकते का, इथपासून सुरुवात होती. दारूबंदीचे दिवस होते, स्पिरिटच्या बाटलीवर माणसं टपून असत. दोन महिन्यांपूर्वी घरातली पॉलिशची बरणी चांगली दोन बोटं उतरली होती आणि ती शेजाऱ्याने प्याली असा माझा पक्का ग्रह झाला होता. तेव्हापासून त्याच्याशी मी बोलत नव्हतो. बिचारा मला दोनदा 'तब्येत बरी आहे ना' म्हणून विचारून गेला होता.

बायकोने पान वाढलं होतं. मी नमदा ताटाशेजारी ठेवला. तिने तो उचलला, नाकाशी नेला आणि परत खाली ठेवला. घरातलं पॉलिश वर्षानुवर्षं तीच गाळत होती.

"कोनाच्या गाडीचा?" तिने विचारलं.

"तुला माहीत आहे."

ती पाटावर बसली. मग तिने सगळं सांगितलं, एका दमात, जणू दोन महिने तेच सांगायला ती थांबली होती. डॉक्टर आमच्या आळीच्या पुढच्या वाडीत रोग्याकडे गेले की तास-दीड तास मोडायचा. तेवढ्यात मेहुणा गाडी आमच्या वाटेने आणायचा आणि बहिणीकडे पाच मिनिटं बसायचा. मी शेडवर असतानाच. आईची खुशाली सांगायचा, कधी तांदूळ आणून द्यायचा, आणि जायचा. एका दिवशी गाडी मागे घेताना मडगार्ड विहिरीच्या कट्ट्याला घासलं. तो घाबरून पांढराफटक पडला. मग हिनेच माझी बरणी काढली, कंदिलाच्या काचेवरची काजळी त्यात घोटली, आणि चिंधीच्या बोळ्याने एकावर एक तीन हात दिले.

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलं? मी नीट रंग बसवून दिला असता."

"तुमाला?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तेच मला जास्त लागलं. "तुमाला सांगितलं असतं, तर पहिलं तुमी इचारलं असतं, की तो इथं आलाच कशाला. घड्याळ झालं, आता काय न्यायला आला. खरं का खोटं?"

मी भाताचा घास हातात धरून बसलो.

"डॉक्टरला तो भितो नाय. तुमाला भितो. म्हनून चोरासारखा येतो माझ्याकडं. माझा भाऊ, माझ्या घरात." मग तिने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "आमटी थंड होते."

मी जेवलो. चव कशालाच नव्हती, पण उठून जायचीही हिंमत नव्हती. एवढं मात्र कबूल करतो, की परत जाताना सायकलवर मला राहून राहून तिच्या त्या तीन हातांचं नवल वाटत होतं. डागाची कड बोटाला लागत नव्हती. माझ्याकडून ती तशी साधली नसती.

शेडवर आलो तेव्हा तीन वाजायचे होते. मडगार्डावरची जखम उघडी होती आणि दोन तासांत ती खऱ्या रंगाने बुजवणं अशक्य. एक थर सुकायलाच तेवढा वेळ लागतो. मी मशीनसमोर तिन्ही गाद्या मांडून बसलो. आयुष्यात प्रथमच मला खालचं काही बघायचं नव्हतं. मला झाकायचं होतं, आणि झाकायच्या कामात माझा काही सराव नव्हता. दुसऱ्याचं खोटं पकडायचं मला ठाऊक, स्वतःचं रचायचं कसं? शेवटी ठरवलं, की दोष आपल्या अंगावर घ्यायचा. मागच्या खेपेला पॉलिश करताना मशीनने कड उडवली, आणि लाज झाकायला मीच लाख लावली. मशीन कडेवर जोरात धरलं की रंग उडतो हे कोणालाही पटण्यासारखं होतं. माझी अब्रू गेली असती, त्याची नोकरी राहिली असती. हिशोब सरळ वाटला. मग उरलेली गाडी मी लोकरीने आणि त्यावर फ्लॅनेलने अशी घासली, की बॉनेटमध्ये शेडच्या पत्र्याचे खिळे मोजता यावेत.

पाच वाजता टांगा आला. डॉक्टर उतरले आणि त्यांच्या मागून मेहुणा. खाकी सदरा, हातात टोपी. त्याची नजर पहिल्यांदा मडगार्डावर गेली. त्याने तिथलं विटकरी अस्तर पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी त्याला ओळखतच नाही असा चेहरा केला.

"काय निघालं?" डॉक्टर म्हणाले.

"साहेब, ते माझ्याच हातून झालं," मी म्हटलं. "मागच्या खेपेला मशीन कडेला लागलं, रंग उडाला. मी लाख लावून झाकलं. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही."

डॉक्टर वाकले. त्यांनी अंगठ्याने पत्र्याची पोच चाचपली. ही पोच मी विसरलोच होतो. मशीनने रंग उडतो, पत्रा आत जात नाही. तीस वर्षं माणसांच्या अंगावर बोटं फिरवणाऱ्या माणसाला मी हे सांगत होतो.

"मशीनने पत्रा दबतो?" त्यांनी विचारलं.

"दाबून धरलं तर..." मी म्हणायला लागलो.

"नाय साहेब," मेहुणा म्हणाला. तो एक पाऊल पुढे आला. "भावजींचा काय संबंध नाय. ते मी केलं. गाडी मागं घेताना इहिरीच्या कट्ट्याला लागली. बायच्या घराकडं."

"तू तिथे काय करत होतास?"

"बहिनीला भेटाया जायचो. तुमी वाडीत रोगी बघत असाल तेव्हा. तुमाला इचारलं नव्हतं." तो टोपी फिरवत राहिला. "दोन महिनं झालं. रोज सांगायचं म्हनून निघायचो, आनि तोंड उघडत नव्हतं. आज भावजींनी स्वतावर घेतलं, ते मला ऐकवलं नाय."

टांग्याचा घोडा पाय आपटत होता. डॉक्टरांनी पुन्हा एकदा मडगार्डावरून अंगठा फिरवला. मी मेहुण्याकडे बघायचं टाळत होतो आणि तो माझ्याकडे. मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटत होतं. आयुष्यात एकदा, एकदाच, मी कोणासाठी खोटं बोललो होतो, आणि ते या गाढवाने एका वाक्यात उधळलं होतं.

"दोन महिने उशिरा सांगितलंस," डॉक्टर शेवटी त्याला म्हणाले, "पण सांगितलंस. आणि बहिणीला भेटायला जायचं असेल तर मला विचारत जा. मी कधी कोणाला बहिणीकडे जाऊ नको म्हटलं नाही." मग ते माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत मला जे दिसलं ते मी आयुष्यभर दुसऱ्यांकडे बघताना वापरलं होतं, पण माझ्यावर ते रोखलेलं कधी पाहिलं नव्हतं. "तू माझ्या तोंडावर खोटं बोललास. सोमवारी मडगार्ड नीट रंगवायला गाडी येईल. काम चालेल तोवर याने इथेच बसायचं आणि तुझ्यावर नजर ठेवायची."

साहेब बरोबरच बोलत होते.

सोमवारी मेहुणा गाडी घेऊन आला. मी मडगार्डाची पोच ठोकून सरळ केली, अस्तर दिलं आणि रंगाचा पहिला हात. तीन दिवस हेच चाललं, थर द्यायचा, सुकू द्यायचा, पुन्हा थर. चौथ्या दिवशी रंग पक्का झाला आणि पॉलिशचं काम उरलं. तो रोज हुकमाप्रमाणे येत होता, स्टूल घेत होता, शेडच्या दाराशी ठेवत होता, आणि रस्त्याकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ फिरवून बसत होता. पहिल्या दिवशी मला वाटलं, रागावला आहे. दुसऱ्या दिवशी वाटलं, काहीतरी डाव असेल. चौथ्या दिवशी मी न राहवून विचारलं.

"अरे, साहेबांनी तुला माझ्यावर नजर ठेवायला सांगितलंय ना?"

"ठेवलीय ना, भावजी," तो म्हणाला. मागे वळला नाही. रस्त्याने चाललेल्या केळीच्या गाड्या मोजत बसला होता.

मी त्याच्या पाठीकडे बघत उभा राहिलो. खाकी सदरा घामाने अंगाला चिकटला होता, मानेवर उन्हाने कातडी सोलवटली होती. ज्याच्यावर मी वर्षभर संशय धरला, तो माझ्याकडे पाठ करून निर्धास्त बसला होता, आणि इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. फ्लॅनेलची पिशवी ताटलीवर चढवायला घेतली, तर दोन वेळा गाठ सुटली, आणि तिसऱ्या वेळी ती बांधायला मी त्यालाच बोलावलं.